पेरिस्कोप नसलेली पाणबुडी

चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठीवरचं नाव वाचलं, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं, आणि एवढा पन्नाशीचा बाप्या गुदगुल्या झाल्यासारखा हसला. मेटा लोरेन्ट्सेनने तेव्हाच मुलीचा हात धरून दुकानाबाहेर पडायला हवं होतं. पण कुणी आपल्यासमोर हसलं की का हसतोस ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं, ही तिची जुनी खोड. कप्तानाची बायको म्हणून ती लागली आणि कप्तान जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सुटली नव्हती. "हसायला काय झालं?" तिने विचारलं. "ओक्का," तो म्हणाला. "जन्म मार्च त्रेचाळीस. बाईसाहेब, रागावू नका, पण तुमचे यजमान पाणबुडीवर होते ना? कप्तान लोरेन्ट्सेन?" मेटाने मान हलवली. "अहो, मग ही तीच! पेरिस्कोप नसलेली!" असं म्हणून त्याने काउंटरवर थाप मारली. आरशासमोर चष्म्याच्या चौकटी लावून बघणारी ओक्का वळून बघायला लागली. तिला हा विनोद माहीत नव्हता, मेटाला होता. आरमारातली ती जुनी थट्टा. बोट समुद्रात असताना कुणाला मूल झालं की मुख्यालयातून बिनतारी संदेश जायचा, एक नवी पाणबुडी दाखल झाली, पेरिस्कोपसह, म्हणजे मुलगा. पेरिस्कोप नसेल तर मुलगी. पन्नास माणसं त्या लोखंडी नळीत दोन-दोन महिने अंघोळीवाचून कोंडलेली, त्यांना एवढा विनोद पुरायचा.

"मी पाल्के. मुख्यालयाच्या बिनतारी खोलीत होतो," तो सांगू लागला. "तुमच्या मुलीची बातमी माझ्या हातून गेली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं तेही मीच उतरवून घेतलं. एकच शब्द. ओक्का! आम्ही तासभर कोडाचं पुस्तक उलटंपालटं केलं. आमच्या लेफ्टनंटला वाटलं शत्रूची नवी विनाशिका असणार. शेवटी फ्रीजलंडकडचा एक पोऱ्या ओरडला, अहो साहेब, हे माझ्या आजीचं नाव आहे! काय हसलो म्हणून सांगू! तुमच्या पोरीच्या बारशाला अख्खी खोली हजर होती म्हणा ना." मेटाही हसली. खरोखर हसली. येल्टोबद्दल, तिच्या कप्तानाबद्दल, आवाज खाली न आणता बोलणारा माणूस तिला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. लोक त्याचं नाव घ्यायचे ते आजाऱ्याच्या खोलीत घ्यावं तसं. इथे एक माणूस येल्टोच्या गमतीवर पोट धरून हसत होता, आणि तिला तो आवडला, आणि आवडला म्हणूनच तिने विचारलं, "मग पुढे?" पाल्केचं हसू तिथेच ओसरलं. "पुढे काही नाही. तोच त्यांचा शेवटचा." "शेवटचा काय?" "जाऊ द्या, बाईसाहेब." "सांगा," मेटा म्हणाली. आणि त्याने सांगितलं, कारण तिच्या त्या 'सांगा'पुढे भल्याभल्यांचं चालत नसे. लढाई संपल्यावर इंग्रजांनी त्याला आपलेच कागद लावायला बसवलं होतं. त्यात त्यांच्याच एका विनाशिकेची रोजनिशी त्याच्या हाती आली. तारीख सतरा मार्च. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी एक अगदी छोटा जर्मन संदेश ऐकू आला, दिशा मिळाली, विनाशिका ताफ्यातून फुटून त्या दिशेने निघाली. "आम्हाला तर पाढ्यासारखं पाठ होतं, अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपलं की जगात कुणालाही दिशा काढता येत नाही. आम्ही हेच शिकवायचो, बाईसाहेब. मी स्वतः शिकवलंय. त्यांच्या जहाजांवर दिशा काढायची यंत्रं बसलीत हे आमच्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही." मेटाने विचारलं, किती वेळ लागला. पाल्के म्हणाला, तासाभरात सगळं संपलं. मग तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला, नाही, सगळं नाही. बोटीच्या आतून ठोकल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता असं लिहिलं होतं. नंतर तो काउंटर पुसत राहिला. "बाकीच्या बायकांना सांगा तुम्ही. माझी बहीणही तसलीच विधवा. त्यांना वाटतं कुणीतरी दगा दिला. खरं काय ते त्यांना कळायला पाहिजे." चष्मा गुरुवारी मिळेल, असंही तो म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर ओक्काने विचारलं, "माझ्या नावामुळे?" पोरगी पंधरा वर्षांची, आईपेक्षा बोटभर उंच झालेली, आणि प्रश्न मात्र असा सरळ की अंगावर यावा. मेटा म्हणाली, "तू काही ऐकलेलं नाहीस." "पण मी ऐकलं ना." "ऐकलेलं नाहीस. कुणाशी एक शब्द बोललीस तर याद राख." "बरं," ओक्का म्हणाली, आणि घरापर्यंत दोघी समोरच्या ट्रॅमच्या रुळांकडे बघत चालल्या. मेटाला स्वतःचीच गंमत वाटली. पोरीला जवळ घ्यावं, यात तुझा काय दोष असं म्हणावं, हे तिला सुचलं होतं. सुचूनही तिने केलं नाही. कारण तुझा दोष नाही म्हटलं की पोरगी पुढचा प्रश्न विचारणार, मग कुणाचा, आणि त्याचं उत्तर मेटाजवळ तयार होतं.

पोर झाली तेव्हा नाव द्यायला महिन्याभराची मुदत होती. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने तिला दोनदा सांगितलं होतं, घाई करू नका, बाळंतिणीने उभं राहू नये. बोट तीन आठवड्यांत परत येणार होती. पण घरात सासू येऊन बसली होती, आणि सासूने ठरवलं होतं की मुलीचं नाव हिल्के, म्हणजे सासूचंच. पाळण्याच्या चादरीवर तिने 'हिल्के' भरायलाही घेतलं होतं. 'हि' पुरा झाला होता. त्या एका निळ्या अक्षराने मेटाच्या डोक्यात तिडीक गेली. ती बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी, टाके ओले असताना, खाली जाऊन घरमालकाच्या फोनवरून मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याशी बोलली. हा अधिकारी एकदा नाताळच्या नाचात तिच्याबरोबर तीन वेळा नाचला होता आणि तिसऱ्यांदा जरा जास्तच जवळ. तिने त्याला त्या नाचाची आठवण करून दिली नाही, फक्त आवाज तसा लावला. बातमी जाणारच आहे, तिच्यामागे तुम्हीच, कुणाला न कळवता, दोन शब्द जोडा, 'नाव कळवा'. "बोटींनी विनाकारण बोलू नये असा हुकूम आहे हो," तो म्हणाला. "वीस सेकंदांत कोण मरतंय?" मेटा म्हणाली. नेमकं हेच वाक्य. पंधरा वर्षं ते तिच्या डोक्यात कुठे पडून होतं देव जाणे. पाल्केच्या दुकानातून परतल्यापासून ते स्वयंपाकघरात, जिन्यावर, आंघोळीच्या पाण्यात ऐकू यायला लागलं. अठराव्या दिवशी मुख्यालयाची चिठ्ठी आली, ओक्का. सासू म्हणाली, हे तर माझ्या सासूचं नाव, ती कजाग थेरडी! आणि सुई ठेवून तिने दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडली. मेटाने त्या संध्याकाळी चिठ्ठी छातीशी धरून पोरीला पाजलं. इतकं सुख तिला त्याआधी किंवा त्यानंतर कधी झालं नाही. त्या वेळी बोट तळाला जाऊन तेरा दिवस झाले होते.

आता तिला ते नाव तोंडातून काढता येईना. 'ए', 'अगं', 'इकडे ये' यांवर तिने आठवडा काढला. नाव जिभेवर आलं की तिला एक हात दिसायचा, बटणावर टकटक करणारा पोरसवदा हात, नखांत डिझेलचा काळा मळ. तो येल्टोचा नव्हता. येल्टो वर बोटीच्या मनोऱ्यावर असेल, दाढी वाढलेली, कॉफीत रम ओतून सगळ्यांना वाटत असेल, पाव बुरशीने पांढरे झालेले, सगळे ओरडत असतील, पेरिस्कोप नसलेली, पेरिस्कोप नसलेली! येल्टो खुशीत आला की हुकूम मोडायचा. ती खुशी तिला ठाऊक होती. शेवटच्या रजेत जेवताना त्याने सांगितलं होतं, बुडवलेल्या जहाजाचे नऊ जण एका होडीत होते, त्यांच्याजवळ जाऊन आपण चौकशी केली, पाव दिला, त्यांनी जमीन कुठल्या दिशेला असं विचारलं, आपण दिशा अगदी बरोबर सांगितली, आणि मग सांगितलं की नऊशे मैल. "कसला चेहरा केला म्हणून सांगू त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने!" तो हसला होता, आणि मेटाही हसली होती, पोटातल्या पोरीसकट. बटाट्यांवर जास्तीचं लोणी घातलं होतं त्या दिवशी. ते नऊ जण पोचले की नाही हे तिने तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. ती येल्टोला दोष द्यायचा प्रयत्न करून बघायची. त्याने कशाला पाठवायचं नाव, परत आल्यावर सांगता आलं असतं. क्षणभर बरं वाटायचं. मग ठोकल्याचा आवाज सुरू व्हायचा, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, आणि तिला वाटायचं की ठोकणारे काहीतरी विचारताहेत. ती रेडिओ मोठा करायची.

सतरा मार्चच्या जवळच्या रविवारी बोटीच्या विधवा दरवर्षी तिच्याकडे कॉफीला जमत. आधी फ्योर्डच्या काठच्या स्मारकावर फुलं, मग फेरीबोटीने अलीकडे, मग मेटाचा केक. सुरुवातीला एकवीसजणी यायच्या, आता सात. कुणी पुन्हा लग्न करून गेल्या, कुणी कंटाळल्या. मेटा मधल्या खुर्चीत बसे, ती कप्तानाची जागा. बाकीच्या कुणी खलाशाच्या, कुणी कारागिराच्या, आणि पंधरा वर्षांनीही हुद्द्याप्रमाणेच बसत, कुणी न सांगता. ओक्का त्यांची सगळ्यांची. बोटीची पोर. तिच्यासाठी काहीबाही आणायच्या. स्टामरबाई तर दरवर्षी लोकरीचे पायमोजे. स्टामरबाईंचं दुःख नवऱ्याचं नव्हतं, त्यांचा मुलगा गेलेला, हिन्नेर्क, एकोणीस वर्षांचा, बोटीचा बिनतारीवाला. आयुष्यभर लोकांचे शर्ट इस्त्री करून त्यांनी त्याला ते शिक्षण दिलं होतं. "माझा हिन्नेर्क म्हणजे बोटीचं तोंड," त्या म्हणायच्या, आणि सगळ्या बायका मान डोलवायच्या, कारण हे वाक्य दरवर्षी ठरलेलं.

या वर्षी क्र्यूसबाईने पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ती इंजिनवाल्याची विधवा, मासळीच्या कारखान्यात डबे भरायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "बाईसाहेबांचा केक म्हणजे लोण्याचा डोंगर," तिने सुरुवात केली, "आमच्याकडे मार्जरीनसुद्धा पाहुणा. बरं, ते असू द्या. हे वाचा. इंग्रज म्हणे प्रत्येक जहाजावर यंत्र घेऊन फिरत होता. बोट बोलली की पकडली, वीस सेकंदांतसुद्धा. म्हणजे दगाबिगा काही नाही. आता मला सांगा, आपली बोट बोलली होती का?" "बोलली नसणार," स्टामरबाई म्हणाल्या. "हुकमाशिवाय माझा पोरगा बटणाला हात लावायचा नाही." "अहो, पण बाईसाहेबांना माहीत असेल. त्यांची वरपर्यंत ओळख." सातजणी मेटाकडे वळल्या. ओक्का कॉफीची किटली घेऊन स्टामरबाईंच्या खुर्चीमागे उभी होती, नवा चष्मा लावून, आणि तीही बघत होती.

मेटाला नाही म्हणता आलं असतं. नंतर ती हे स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. मला काय ठाऊक, एवढं म्हणायचं आणि केक पुढे करायचा. पण तिला त्या खोलीत आठवडाभराचं ते सगळं एकदम गळ्याशी आलं. कुठेतरी ते टाकायला हवं होतं, आणि सगळ्यात लांबची जागा स्टामरबाईंची होती. "बोलली होती," ती म्हणाली. "मला एवढ्यातच कळलं. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी." "काय बोलली?" "एक शब्द. मुख्यालयाला त्याचा अर्थच लागेना. तासभर कोडाचं पुस्तक धुंडाळलं म्हणे, त्यात तसा शब्दच नव्हता." प्रत्येक वाक्य खरं होतं. खोटं बोलायची वेळच तिने आपल्यावर येऊ दिली नाही, आणि आपण किती छान बोलतो आहोत हेही तिला बोलता बोलता जाणवलं. "म्हणजे चुकून गेला?" क्र्यूसबाईने विचारलं. "ते मी कसं सांगू? तिथे कोण बसलं होतं आणि त्याच्या हातून काय झालं, हे आता देवच जाणे." "दुपारची पाळी कुणाची?" क्र्यूसबाई म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण ती दुष्ट नव्हती. दुपारची पाळी माझी, सगळे झोपतात तेव्हा मी जगाचं ऐकत बसतो, असं हिन्नेर्कने पत्रात लिहिलं होतं आणि ते पत्र या टेबलाशी दरवर्षी वाचलं जायचं.

स्टामरबाई रडतील असं मेटाला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचा रुमाल घडी करून ताटलीशेजारी ठेवला, इस्त्री करणाऱ्या बाईची घडी, कोपऱ्याला कोपरा, आणि म्हणाल्या, "लहानपणी तो बोटं वाजवायचा. टेबलावर, भिंतीवर, झोपेतसुद्धा. मी मारायची त्याला." मग उठल्या. टेबलाला वळसा घालत एकेकीपाशी थांबून म्हणू लागल्या, "माफ करा. माझ्या पोराने तुमचा माणूस नेला." बायका म्हणत, अहो असं काय, बसा, लहान होता तो, पण म्हणताना एकदोघींनी हात काढूनही घेतला, हे मेटाने पाहिलं. पंधरा वर्षं कुणावर रागवावं हे न कळलेल्या बायका त्या. आता त्यांना जागा मिळाली होती. स्टामरबाई मेटापाशी आल्या. "बाईसाहेब, तुमचे यजमान एवढे मोठे." मेटाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आमच्या मनात काही नाही हो." त्या क्षणी तिला त्या म्हातारीबद्दल खरीखुरी माया वाटली, डोळे भरून आले, आणि याहून नीच काही आपण आयुष्यात केलं नसेल हेही तिला त्याच वेळी लख्ख कळत होतं.

मग स्टामरबाई ओक्कासमोर उभ्या राहिल्या. "पोरी, तू तर बापाला बघितलंही नाहीस. माझ्या हिन्नेर्कमुळे. मला माफ कर." ओक्काने हातातली किटली तशीच धरून ठेवली. तिने आईकडे पाहिलं. मेटाला वाटलं आता सांगणार. सांगू दे, असं तिच्यातलं काहीतरी म्हणालं, सांग आणि सोडव मला. आणि बाकी सगळी मेटा नजरेने पोरीला दटावत होती, याद राख, याद राख. नजरेचाच जोर मोठा होता. ओक्काने किटली खाली ठेवली. "केलं माफ, मावशी," ती म्हणाली, अगदी नीट, मेटा पाहुण्यांशी बोलायची त्या आवाजात. "हिन्नेर्कदादालाही केलं." आणि तिने म्हातारीच्या गालाचा मुका घेतला. क्र्यूसबाई हुंदके द्यायला लागली. बायका म्हणाल्या, काय गुणाची पोर आहे, बापावर गेली आहे.

कॉफी आटोपली. स्टामरबाईंनी सगळ्यांच्या आधी कोट चढवला. पायमोज्यांचं पुडकं त्यांनी उघडलंही नव्हतं, ते तसंच दारापाशी ठेवलं. ओक्का त्यांना ट्रॅमपर्यंत पोचवायला गेली. मेटा खिडकीत उभी राहिली. मार्चचं ऊन होतं, बंदराकडून वाऱ्याबरोबर डांबराचा वास येत होता. खाली थांब्यावर दोघी दिसत होत्या, म्हातारीने पोरीचं मनगट धरलेलं. ती काहीतरी विचारत होती. पोरगी थांबली. मग वाकून तिच्या कानाशी बोलली. एक ट्रॅम आली आणि गेली, दोघी तिथेच. मागे बायका एकमेकींना डबे बांधून देत होत्या आणि मेटाला त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं. दुसरी ट्रॅम आली, म्हातारी चढली. बाकीच्याही एकेक करून गेल्या. जाताना क्र्यूसबाईने नेहमीसारखं हस्तांदोलन केलं नाही, नुसती मान लववली, आणि मेटा विचार करत राहिली की तिला काही समजलं असेल का.

ओक्का वर आली. टेबलावरच्या बश्या एकात एक ठेवू लागली. "काय विचारत होत्या?" मेटाने सहज विचारल्यासारखं केलं. "तुझं नाव कुणी ठेवलं गं, असं विचारलं." मेटाने खुर्ची टेबलाखाली सरकवली. "एकदम?" "एकदम. आधी म्हणाल्या, एक शब्द, पुस्तकात नसलेला. मग विचारलं." "मग तू काय सांगितलंस?" "आईनं ठेवलं म्हणाले." ओक्काने चमचे गोळा केले. मेटाला हायसं वाटलं. ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती वळली, पण पोरीने पाहिलं होतं. "पटलं त्यांना?" "पटलं. पटल्यावर मग रडल्या. मला म्हणाल्या, आईनं दिलेलं नाव आहे, जप हो." ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून, मागे न बघता, म्हणाली, "पुढच्या वर्षापासून त्या येणार नाहीत. केक लहान केलास तरी चालेल."